शेवटचं ‘बरं’ कुणाचं

दोन टेकड्या, मध्ये दरी, दरीत शत्रू. एका टेकडीवरच्या सेनापतीला पलीकडच्या टेकडीवरच्या आपल्या दोस्ताला कळवायचंय की उद्या सकाळी मिळून हल्ला करू. निरोप्या दरीतूनच जाणार, म्हणजे वाटेत पकडला जाऊ शकतो. तेव्हा दोस्ताने ‘निरोप मिळाला’ असं उलट कळवायचं. पण ते ‘मिळाला’ पोचलं की नाही, हे दोस्ताला कसं कळणार? मग पहिल्याने ‘तुझं “मिळाला” मिळालं’ असं कळवायचं. आणि ते पोचलं का? एम.टेक.च्या पहिल्याच सत्रात, नेटवर्कच्या तासाला, मॅडमनी हे कोडं फळ्यावर काढलं आणि सांगितलं की याला पक्कं उत्तर नाही, कितीही निरोपे पाठवा, शेवटचा पोचला का ही शंका उरतेच. सगळा वर्ग गंभीर होऊन वहीत टेकड्या काढायला लागला. मला मात्र हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना.

मॅडमनी खडू खाली ठेवला. “काय झालं?”

“मॅडम,” मी डोळे पुसत म्हटलं, “ही माझी आई आणि मावशी आहे.”

आता हे समजून घ्यायला आमची वाडी माहीत हवी. वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनीला उतरायचं आणि मग वर डोंगरात चढायचं. आठ घरं, आणि माणसांपेक्षा शेरडं जास्त. एका उतारावरच्या माणसाला दुसऱ्या उतारावरच्याशी बोलायचं तर हाळी द्यायची, आणि हाळी ऐकू आली की ‘ओ’ द्यायचाच, हा आम्हाला बोलायला शिकायच्या आधी लागलेला नियम. ओ न देणारा माणूस एकतर झोपलेला असतो नाहीतर भांडलेला. ओ आला की निरोप सांगायचा. निरोपावर ‘बरं’. त्या ‘बरं’वर इकडून ‘हां, बरं’. त्यावर पलीकडून ‘बरं मंग’. आपण दिलेल्या आवाजावर समोरचा गप्प बसला तर तो अपमान, म्हणून आधी गप्प कुणीच बसत नाही.

यात माझी आई आणि उत्रोलीला दिलेली माझी मावशी या दोघी तर हाताबाहेरच्या. मावशी भाताची कामं आटपली की चार दिवस राहायला येते. जायच्या दिवशी अंगणातून ‘येते गं’ म्हणते, आई ‘ये गं’ म्हणते, आणि मावशी पायवाटेच्या वळणाआड जाईपर्यंत दोघींचं ‘बरं’, ‘हां’, ‘बरं मंग’ चालू असतं. वळणाआडूनसुद्धा एक बारीक ‘बरं’ येतं. आई त्यालाही ओ देते. लहानपणी मला वाटायचं, डोंगर मध्ये आला नसता तर मावशीची एस.टी. कायमची चुकली असती.

हे सगळं मी भर वर्गात सांगितलं. वर्ग हसून लोळला, आणि मॅडम शांतपणे म्हणाल्या, “छान. मग प्रोजेक्ट तुझ्या डोंगरावरच कर.” माझं हसू तिथल्या तिथे थांबलं.

प्रोजेक्ट असा ठरला. वाडीत मोबाईलला रेंज नाही. आईकडे चांगला मोबाईल आहे, पण त्याचा उपयोग बॅटरी म्हणून आणि करडांचे फोटो काढायला. मात्र दिवसातून दोनदा दुधाचा टेम्पो वर येतो, सकाळी आणि संध्याकाळी, आणि दूध घेऊन मार्गासनीला परत उतरतो. मार्गासनीला रेंज आहे. म्हणून मी तीन छोटे कॉम्प्युटर जुळवले, प्रत्येक साधारण तीन काड्यापेट्यांएवढा, म्हणून त्यांचं नाव डबी. एक आमच्या घरात, एक टेम्पोत, एक मार्गासनीच्या किराणा दुकानात. आईने मोबाईलवर बोललेलं घरातल्या डबीत साठायचं. टेम्पो अंगणात आला की वायफायवरून टेम्पोतल्या डबीत जायचं. टेम्पो खाली उतरला की दुकानातल्या डबीत, आणि तिथून इंटरनेटवरून थेट मावशीच्या मोबाईलवर, उत्रोलीला. मावशीचं उत्तर याच वाटेने उलट. आमच्या पुस्तकांत याला उशीर सोसणारं नेटवर्क म्हणतात. अंतराळयानांशी बोलायला हेच तत्त्व वापरतात, हे मी आईला फार अभिमानाने सांगितलं.

आईने भाकरी उलथली. “म्हंजी निरोप टेम्पोवाल्याच्या हाती धाडायचा. त्ये तर आमी आत्ताबी धाडतो की. ह्यात तू दोन वरसं काय शिकलीस?”

मी तिला ओ दिला नाही. एवढी मी चिडले होते.

पण तिचं खरंच होतं. टेम्पोवाला म्हणजे चाळिशीचा, जाड मिशांचा, सावकाश बोलणारा गृहस्थ. आठही घरांचे निरोप तो तोंडपाठ नेतो. मार्गासनीला पोचला की दुधाचे कॅन उतरवायच्या आत सगळ्यांना फोन लावून टाकतो. मी त्याच्या टेम्पोत डबी बसवायला गेले तेव्हा त्याने ती शिंतोडे उडू नयेत म्हणून स्वतःच्या जेवणाच्या जुन्या डब्यात ठेवली आणि विचारलं, “ताई, म्हंजी आता मला सुट्टी का?” मी ऐटीत म्हटलं, “निरोपांपुरती सुट्टी.” तो “बरं” म्हणाला. मीही “बरं” म्हणाले.

आता माझी चूक सांगते. इंटरनेटवर सगळीकडे पोच देण्याची पद्धत आहे. मजकूर मिळाला की मिळाल्याची पोच उलट पाठवायची, पोच आली नाही तर मजकूर पुन्हा पाठवायचा. आणि यातला पहिल्या धड्यातला नियम असा, की नुसत्या पोचेला कधीही पोच द्यायची नाही. नाहीतर दोन यंत्रं जन्मभर एकमेकांना पोच देत बसतील. हा नियम मी परीक्षेत लिहिला होता, खाली रेघ मारून. त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

आणि प्रोग्रॅम लिहिताना माझ्या हातांनी काय लिहावं? जे काही येईल त्याला ओ दे. ओ आला तर त्यालाही ओ दे. वर आणखी, ओ सगळ्यांत आधी, बाकीचं बोलणं नंतर. मला तेव्हा यात काही वावगं दिसलंच नाही, इतकं ते मला साधं आणि सभ्य वाटलं. मी त्या पोचेचं नावच प्रोग्रॅममध्ये ‘ओ’ ठेवलं होतं. लॅबमध्ये दहा निरोप पाठवून पाहिले, दहाच्या दहा पोचले. दहा ओ मात्र इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातच राहिले, आणि पुण्यात एम.टेक. करणारी मी गालावर हात ठेवून कौतुकाने बघत राहिले, की कशा गोड बोलताहेत डब्या एकमेकींशी!

पहिला महिना झकास गेला. मी पुण्यात होस्टेलवर नाचत होते. आई आणि मावशी दिवसाकाठी दहा-बारा निरोप पाठवायच्या, त्यांतले निम्मे ‘बरं’. शेजारणीही येऊन बोलू लागल्या. पण प्रत्येक निरोपामागे एक ओ जन्माला येत होता आणि तो कधी मरत नव्हता. पाचशे निरोप गेले की टेम्पोच्या प्रत्येक खेपेला पाचशे ओ चढणार आणि उतरणार. टेम्पो आमच्या अंगणात थांबतो किटल्यांतलं दूध कॅनमध्ये ओतेपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं. माझी स्वस्तातली डबी एकेक ओ सावकाश उतरवून घ्यायची, तेव्हा ती पाचही मिनिटं ओ खायला लागले. खरे निरोप मागे रांगेत उभे.

मला हे कळलं असतं, पण डब्यांच्या नोंदीही त्याच वाटेने यायच्या होत्या आणि त्याही रांगेतच अडकल्या. मी समजले की नोंदींचाच काहीतरी घोळ आहे. म्हणून मी रोज मावशीला उत्रोलीला साधा फोन लावायचे. “आईचा निरोप आला का गं?”

“आला की! शेळी व्याली म्हनं, दोन पाटी झाल्या, बोकड येक बी न्हाई.”

रात्री आईने बोललेलं मावशीला दुपारपर्यंत कळलेलं असायचं. मी अहवालाच्या तक्त्यात बरोबरची खूण करायचे. सगळा तक्ता हिरवागार झाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो छापून आणला आणि होस्टेलच्या आरशात बघून स्वतःलाच हात मिळवला.

परीक्षक बाहेरगावचे, वयाने मोठे आणि मोजकं बोलणारे होते. ते म्हणाले, “लॅबमध्ये सगळंच चालतं. मला तिथे चालताना दाखव.” माझी बंगळूरची नोकरी ठरली होती, महिनाभरात रुजू व्हायचं होतं, पण या सहीशिवाय पदवी नाही आणि पदवीशिवाय नोकरी नाही. मी म्हटलं, चला की सर! मला खरंच वाटत होतं की जगात कुणाचं इतकं चांगलं चाललेलं नाही.

तर परीक्षेच्याच दिवशी दुपारी सर, मॅडम आणि मी, मॅडमच्या गाडीने शिवऱ्यापर्यंत हायवे, मग वळून मार्गासनी. दुकानाच्या बाकावर चहा झाला. संध्याकाळच्या खेपेचा टेम्पो दारात उभा होता, टेम्पोवालाही चहा घेत होता. सरांनी माझा मोबाईल घेतला आणि माझ्या आईसाठी स्वतःच्या तोंडाने निरोप बोलले, “बाई, आज तुमच्याकडे जेवायला काय आहे?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “याचं उत्तर तुला आधीपासून तयार ठेवता येणार नाही.” टेम्पो रिकामे कॅन खडखडवत वर गेला आणि मी बाकावर पाय हलवत गाणं गुणगुणत बसले.

तासाभराने तो परत आला. मी उडी मारून लॅपटॉप उघडला. दुकानातल्या डबीत निरोप उतरायला लागले. ओ. ओ. ओ. ओ. पडदा खालून वर सरकत होता आणि त्यावर ओशिवाय दुसरं काही नव्हतं. सर वाकून बघत होते, मॅडमही. पहिल्या दोनशेपर्यंत मी “येईल आता” म्हणत होते. मग एकाएकी मला सगळं दिसलं. मी काय लिहिलंय, का लिहिलंय, सगळं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला हसू आलं. रडूही येत होतं. दोन्ही एकदम येत असल्यामुळे तोंडातून भलताच आवाज निघाला.

“उत्तर कुठे आहे?” सरांनी विचारलं.

“न्हाई आलं व्हय?” टेम्पोवाला हात पुसत पुढे झाला. “आईनी सांगितलंया, नाचणीची भाकर हाय, आन् कुळथाचं पिठलं. आन् इचारलंया, पाव्हनी किती हायेत, किती भाकरी थापू?”

सरांनी चष्मा काढला. “तुम्हाला प्रश्न कसा कळला?”

“तुमी बोलला तवा म्या हितंच हुतो की. म्हनलं, सांगून टाकावं. डबीचं आपलं डबी बघंल.” मग तो तिथेच उभा राहिला, जाईना. “ओ म्हना की सायेब,” तो म्हणाला. “पोचलं म्हनून सकाळच्याला वर सांगाया पायजे.”

“ओ,” सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत असावेत.

“बरं.”

“थांबा,” सर म्हणाले. “तुम्ही वर जाऊन सांगणार की पोचलं. मग त्या काय म्हणतील?”

“म्हंतील, बरं.”

“ते तुम्ही मला येऊन सांगणार?”

“छ्या!” टेम्पोवाला हसला. “त्ये म्या माज्यापाशीच ठेवतो. समद्यांचं बरं पोचवत बसलो तर दूध नासंल सायेब.” आणि कॅन लावून तो निघून गेला, कारण दूध खरंच थांबत नाही.

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग मला म्हणाले, “हा माणूस तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठे आहे?”

“नाही सर,” मी म्हटलं. “राहिला.”

मला वाटलं, संपलं. मॅडम काही बोलणार इतक्यात सर उठले. “तीन भाकऱ्या सांगायच्या राहिल्या. चला, आपणच वर जाऊन सांगू.”

मॅडमची गाडी कण्हत कण्हत वर चढली. आई अंगणात किटल्या घासत होती. गाडीतून पाहुणे उतरताना बघून तिने पदर सारखा केला, आधी चूल पेटवली आणि मगच विचारलं, काय झालं. मी ओट्यावर बसले आणि तो एक नियम लिहिला. नुसत्या ओला ओ द्यायचा नाही, शेवटचा आपल्यापाशी ठेवायचा. सगळं मिळून दोन ओळी. डबी बंद करून पुन्हा चालू केली. साचलेले शेकडो ओ क्षणात गेले आणि त्यांच्याखाली अडकलेले खरे निरोप माझ्या लॅपटॉपवर भराभर यायला लागले. मी आनंदाने ओरडलेच! आई पिठाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं विंचू बिंचू.

“लाव एखादा,” सर म्हणाले. मी हाताला लागला तो लावला. चार दिवसांपूर्वीचा, आईने मावशीसाठी बोललेला. अंगणात आईचाच आवाज मोठ्याने यायला लागला.

“आक्का, ऐक. पोरीच्या डबीतनं काय बी जात न्हाई बग. चार दिस झालं. म्या इथं बोलती खरं, पर टेम्पोवाल्याभावाला बी सांगती समदं. त्यो खालनं तुला फोन करंल. पोरीनं इचारलं तर म्हन, डबीतनंच आलं. लई मन लावून केलंया तिनं. परीक्षा हुईपर्यंत तरी तिला कळू देऊ नगंस. हां? बरं.”

आई पिठाचा हात तोंडावर ठेवून उभी. “ह्ये कसं काय आलं?” ती पुटपुटली. “ह्ये जातच न्हवतं की!”

सरांपुढे माझा हिरवागार तक्ता होता, सुबक छापलेला. त्यांनी काही विचारलं नव्हतं. पण मला गप्प राहवेना. मी म्हटलं, “सर, यातल्या शेवटच्या आठ दिवसांच्या खुणा माझ्या नाहीत. त्या टेम्पोवाल्याच्या आहेत.” हे बोलल्यावर मात्र मला जे रडू आलं ते शुद्ध रडू होतं. आई माझ्या पाठीवर पिठाचा हात फिरवत सरांना म्हणाली, “चूक माजी हाय वो सायेब. तिला कशाला बोलता? म्याच धाडलं भावाबरूबर.” सर अजून काही बोललेलेच नव्हते.

सरांनी पेन काढलं, आठ दिवसांवर एक तिरकी रेघ मारली आणि तक्ता मला परत दिला. “पंधरा दिवस पुन्हा मोज. डबीचं डबीकडून विचार, मावशीकडून नाही. बरोबर आलं तर सही करतो.” मग आईकडे वळून म्हणाले, “पिठलं झालं का?” सर तीन भाकऱ्या जेवले. चौथी आईने ताटात टाकली, ती मॅडमनी अर्धी घेतली.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगत नाही, मोजत काढले. या वेळी तक्ता हिरवागार नव्हता. दोन दिवस टेम्पोतली डबी बंद पडली होती, तिथे मी तसं लिहिलं. सरांनी सगळं वाचलं, त्या दोन दिवसांपाशी थांबून मान हलवली आणि सही केली. मी कॉलेजच्या जिन्यात दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. तिथेच उभी राहून मोबाईलवर बोलले, “आई, पास झाले गं!” संध्याकाळची खेप वर जायला अजून वेळ होता. अंधार पडता पडता डबीचा ओ आला, एकच. नियमाप्रमाणे त्यानंतर सगळं शांत. माझं यंत्र बरोबर चाललं होतं आणि मला त्या शांततेत जरा चुकल्यासारखं होत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. टेम्पोवाला होता, मार्गासनीहून.

“ताई, आईनी ओ सांगितलाय. डबीतनं आला आसंल म्हनल्या, पर येवड्या मोठ्या गोष्टीला डबीवर भरवसा नगं.” मग जरा थांबून म्हणाला, “रडत हुत्या. आन् हसत बी हुत्या. दोनी येकदमच.”

मी म्हटलं, “बरं.”

“बरं,” तो म्हणाला. “ह्ये माज्यापाशी ऱ्हाऊ दे ना?”

“नको,” मी म्हटलं. “आजचं तेवढं वर सांगा.”